चारचौघांत बोलायची भीती आणि आमचा शनिवारचा गट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही दर शनिवारी एक गट चालवतो. चारचौघांत बोलताना, जेवताना, सही करताना, कधी नुसतं वर्गात शिरतानासुद्धा ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी. खालचे प्रश्न फोनवरून, चिठ्ठ्यांतून आणि बहुतेक वेळा रात्री एक-दीडला आलेल्या मेसेजमधून जमा झालेत. कित्येक मेसेज सकाळपर्यंत डिलीट झालेले असतात, पण तोच प्रश्न पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी पाठवतं. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

१. मी नुसता लाजाळू आहे की मला खरंच सोशल अँक्झायटी आहे?

लाजाळू माणूस सुरुवातीला अवघडतो, मग खुलतो, आणि लाजण्यापायी त्याचं फारसं काही अडत नाही. सोशल अँक्झायटीत अडतं. भीतीपायी आपण काय काय सोडून दिलं, ते आधी मोजा.

माझंच सांगते. एफवायला असताना हजेरीत माझा नंबर जवळ आला की कानात नुसती धडधड ऐकू यायची. ‘प्रेझेंट मॅडम’ हे दोन शब्द तोंडातून निघायच्या आत पुढचा नंबर पुकारलेला असायचा. मी वर्गात बसलेली आणि मस्टरवर गैरहजर. तास संपल्यावर जाऊन ‘मॅडम, मी होते’ म्हणणं तर त्याहून अवघड. वर्षाच्या शेवटी हजेरी कमी भरली म्हणून हमीपत्र लिहून द्यावं लागलं, तेव्हाही खरं कारण सांगता आलं नाही.

निदान करताना डॉक्टर साधारण चार गोष्टी पाहतात. लोक आपल्याला जोखतील अशा प्रसंगांची भीती जवळजवळ दर वेळी वाटते का? ते प्रसंग टाळले जातात किंवा कसेबसे रेटले जातात का? हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललंय का? आणि शिक्षण, नाती, काम यांत त्याचा खोडा पडतोय का? लीबोविट्झ यांची २४ प्रसंगांची प्रश्नावली इंटरनेटवर सापडते, ती भरून पाहायला हरकत नाही. मात्र निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनंच करायचं. आमच्या गटात यायला निदानाचा कागद लागत नाही.

२. पप्पा म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ मग हे आलं कुठून?

त्यांच्या वेळीही होतं. मराठीत ‘सभाधीट’ हा शब्द कौतुकानं वापरतात, म्हणजे सभेत तोंड उघडायला न धजणारेही होतेच. त्यांना बुजरा, मुखदुर्बळ, भिडस्त म्हणायचे, आणि शेतावर किंवा हिशेबाच्या वह्यांत डोकं घालून त्यांचं निभावून जायचं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानपुस्तिकेत १९८० साली ‘सोशल फोबिया’ अशी त्याची वेगळी नोंद केली, सध्याचं नाव त्यानंतरचं. सुरुवात बहुधा आठवी-नववीच्या वयात होते. तेव्हा ‘गुणी आहे, दंगा करत नाही’ म्हणून कौतुकच होतं. पुढे कॉलेजात सेमिनार, ग्रुप प्रोजेक्ट, जीडी (गटचर्चा), कॅम्पस इंटरव्ह्यू एकामागोमाग येऊन उभे राहतात आणि लपायला जागा उरत नाही.

३. गटात नेमकं होतं काय?

शनिवारी चार ते साडेपाच. आठ-दहा जण आणि आम्ही दोघं चालवणारे. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, दाराजवळच्या दोन मुद्दाम मोकळ्या ठेवतो, ज्यांना केव्हाही उठून जाता येईल अशी खात्री हवी असते त्यांच्यासाठी. पहिली पंधरा मिनिटं चहा. चहा ओतायचं काम आळीपाळीनं सगळ्यांकडे येतं आणि ते आम्ही जाणूनबुजून ठेवलंय (प्रश्न ९). मग ज्याला वाटेल तो आपल्या आठवड्याचं सांगतो: काय करायचं ठरवलं होतं, काय होईल असं वाटलं होतं, आणि झालं काय. सल्ले द्यायचे नाहीत, हा एक नियम कडक आहे. ‘अरे, एवढं काय त्यात’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही, ते सगळ्यांनी घरी भरपूर ऐकलेलं असतं.

त्यानंतर प्रयोग. एक जवळून दाखवते. नाशकात मिसळ खायची म्हणजे रस्सा पुन्हा मागायचा, हे काही सांगायला नको. आमच्यातला दिंडोरीकडचा एक मुलगा तीन वर्षं इथे राहून पहिल्या वाटीतल्या रश्श्यावरच भागवायचा आणि शेवटचा पाव कोरडा खायचा. एका शनिवारी आम्ही चौघं त्याच्याबरोबर गेलो. निघण्यापूर्वी त्यानं कागदावर लिहिलं: ‘सगळे वळून बघतील. वेटर खेकसेल.’ पहिल्यांदा तो ‘दादा, रस्सा’ म्हणाला ते शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आवाज फाटला, पण गेला. लांबून ‘आलो!’ असं उत्तर आलं आणि भांडं टेबलावर आलं. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाचं लहान मुलाला भरवणं चाललं होतं, त्यांनी मान वर केली नाही. कागदाच्या खाली त्यानं लिहिलं: ‘कोणी बघितलं नाही. रस्सा गरम होता.’ तो कागद अजून आमच्या फाइलमध्ये आहे.

शेवटची दहा मिनिटं पुढच्या आठवड्याची पायरी ठरवण्यात जातात. पायरी लहान हवी आणि तारीख-वार घालून हवी. एक फेरी बारा आठवड्यांची असते. हा आकडा आम्ही रिचर्ड हाइमबर्ग यांच्या गटउपचार पद्धतीतून घेतलाय. त्यांच्याकडे पाच-सहा जण, दोन थेरपिस्ट आणि अडीच तासांची बैठक असते. आमचा गट आधाराचा आहे, उपचाराचा नाही. हा फरक महत्त्वाचा का, ते प्रश्न १३ मध्ये.

४. ज्याला माणसांचीच भीती वाटते त्याला माणसांत बसवायचं, हे उलटंच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो बरोबरच आहे. पण भीती इतकी वर्षं टिकून कशी राहते ते आधी पाहू.

निमाणीवरून शेअर रिक्षानं येणारी एक मुलगी आमच्याकडे होती. ‘थांबवा’ म्हणायची तिची हिंमत व्हायची नाही. पुढच्या चौकात दुसरं कुणी रिक्षा थांबवेपर्यंत ती बसून राहायची आणि उन्हातून दहा मिनिटं मागे चालत यायची. दोन वर्षं. रोज तिला वाटायचं, बरं झालं बोलले नाही, नाहीतर सगळे बघत राहिले असते. म्हणजे जे घडलंच नाही त्यातून ती रोज थोडक्यात वाचत होती. बोललं तर काय होतं, हे कळायची सोयच तिनं ठेवली नव्हती.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे चक्र नीट मांडलं. अशा प्रसंगात माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं: माझा आवाज कसा येतोय, चेहरा कसा दिसतोय. समोरच्याकडे पाहायचं राहूनच जातं. वर तो बचावाच्या युक्त्या करतो. कानाला फोन लावून चालणं, वाक्य मनात तीनदा घोकून मग बोलणं, उत्तर येत असून ‘माहीत नाही’ म्हणणं, उन्हाळ्यातही हुडी. या युक्त्या त्या घटकेला वाचवतात आणि भीतीला जन्मभर पोसतात.

गटात माणसं असतात, भीतीही असते, पण युक्ती सोडून पाहायला पुरेशी सुरक्षित जागा असते. शिवाय जे एकट्यानं कधीच कळत नाही ते इथे कळतं. समोरची मुलगी शांतपणे बोलते, आपल्याला हेवा वाटतो, आणि खाली बसल्यावर ती म्हणते, ‘माझे पाय लटपटत होते, दिसले का?’ कुणालाच दिसलेले नसतात.

आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचारामुळे माहीत असलेले अल्बर्ट एलिस यांनी एकोणीस वर्षांचे असताना स्वतःवरच असा प्रयोग केला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात ते महिनाभर जात राहिले आणि बाकावर बसलेल्या शंभरेक स्त्रियांशी स्वतःहून बोलले. भेटायला एकच कबूल झाली आणि तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि त्यांची भीती गेली ती त्यामुळेच. असा गृहपाठ मात्र आम्ही देत नाही. आपल्या सरावासाठी अनोळखी मुलींना अवघडून टाकायचा हक्क कुणालाच नाही.

५. पहिल्याच दिवशी बोलावं लागेल का? सगळ्यांसमोर ओळख वगैरे?

नाही. ओळखीची फेरीच नसते. नाव सांगायचं, तेही हवं ते. पहिले तीन शनिवार नुसतं ऐकून गेलात तरी कुणी टोकणार नाही. चौथ्या शनिवारी मी एकदा विचारीन, एवढंच.

६. दोनदा तुमच्या इमारतीपर्यंत आलो आणि परत गेलो. तिसऱ्यांदा येऊ का?

या. दोनदा आलात म्हणजे अर्धं काम झालंय.

एक मुलगा तीन शनिवार आमच्या जिन्याखाली फोन कानाला लावून उभा असायचा. फोनचा स्क्रीन काळा असायचा. चौथ्या शनिवारी आमचा एक जुना सदस्य दूध आणायला खाली गेला होता. परत येताना तो त्याला म्हणाला, ‘वर चाललायस ना? ही पिशवी धर जरा.’ आणि तो दुधाची पिशवी घेऊन वर आला. हातात काम असलं की दारातून शिरणं सोपं जातं. तेव्हापासून ही आमची रीत झाली आहे. आदल्या दिवशी मेसेज करा, कुणीतरी खाली येईल आणि दुधाची पिशवी तुमच्या हातात देईल.

कुणी विचारतं, मग हीसुद्धा बचावाची युक्तीच नाही का? आहे. पहिल्या दिवसापुरती चालते. दुसऱ्या शनिवारी रिकाम्या हातानं यायचं.

७. ओळखीचं कुणी भेटलं तर? नाशिक काही एवढं मोठं नाही.

नाही मोठं. कॉलेज रोडला संध्याकाळी एक चक्कर मारली तर चार ओळखीचे भेटतात. म्हणून काही नियम केलेत. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, कारण त्यात नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतात. मेसेज ज्याचा त्याला वेगळा जातो. फोटो काढायचे नाहीत. बाहेर भेटलो तर तुम्ही हसल्याशिवाय आम्ही ओळख दाखवत नाही. तुमच्या कॉलेजचं कुणी गटात आहे का, हे आधी विचारता येतं. आहे की नाही एवढंच सांगू, नाव सांगणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण तो उपचार करणाऱ्यांना बांधतो. गटातल्या बाकीच्या मुलांना बांधतो तो फक्त शब्द. आजवर तो पाळला गेलाय, तरी जे अजिबात कुणाला कळू नये असं वाटतं ते गटात सांगायची घाई करू नका. आणि कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर आम्ही गप्प बसणार नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतो.

८. मी बागलाणातला. घरी अहिराणी, शाळा मराठी, कॉलेजात सगळं इंग्रजी. माझी भीती माणसांची की इंग्रजीची?

गावाकडचं एखादं लग्न आठवा. अनोळखी पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला उभं केलं तर तुम्ही अहिराणीत गप्पा मारत फिरता, की भटारखान्याच्या आडोशाला थांबता? गप्पा मारत फिरत असाल तर तुम्हाला बहुधा इंग्रजीचा सराव हवा आहे, गट नको. आडोसा शोधत असाल तर भीती माणसांची आहे आणि इंग्रजीनं तिला आयतं निमित्त दिलंय. पुष्कळांचं दोन्ही असतं.

सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, निफाड इकडून नाशकात शिकायला आलेल्या मुलांकडून हा प्रश्न फार येतो आणि माझा जीव त्यात अडकतो. गावात जो हुशार म्हणून ओळखला जायचा तो इथे पहिल्या सत्रातच मुका होतो. आमच्याकडे कुठल्याही बोलीत बोला. एका मुलानं आपला आठवडा पूर्ण अहिराणीत सांगितला. अर्ध्या जणांना अर्धंच कळलं, पण त्याआधी दीड मिनिटाच्या वर कधी न बोललेला तो सलग बोलत राहिला. तुमच्या उच्चारांवरून कुणी खरोखर टिंगल करत असेल तर तो वेगळा विषय आहे, प्रश्न १८ पाहा.

९. हात थरथरतात, घाम फुटतो, चेहरा लाल होतो. लोकांना दिसतंच ना?

तुम्हाला आतून जेवढं जाणवतं त्याच्या मानानं बाहेर फार थोडं दिसतं. हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून आम्ही चहा ओतायला देतो, तोही काठोकाठ. सांडतो कधीकधी. फडकं शेजारीच असतं, पुसतो आणि पुढे जातो. दुसरा उपाय म्हणजे दोन मिनिटं बोलतानाचा व्हिडिओ, तुमच्याच फोनवर. बघायच्या आधी लिहायचं: हात किती थरथरताना दिसतील, दहापैकी गुण द्या. मग अनोळखी माणसाकडे पाहावं तसा तो व्हिडिओ बघायचा. नऊ गुण लिहिणारे बहुतेक जण बघून झाल्यावर दोन-तीनवर येतात.

अपवाद: एकटे असतानाही हात कापत असतील, वजन उतरत असेल, छाती सतत धडधडत असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरांना भेटून थायरॉईडची तपासणी करून घ्या.

१०. सगळं येत असून ओरलला तोंडातून शब्द फुटत नाही. काय करू?

वाक्यं पाठ करणं थांबवा. पाठ केलेलं वाक्य मधेच तुटलं की पुढचं सगळं जातं. उत्तराचे तीन-तीन मुद्दे लिहा आणि उभं राहून, आवाज काढून, दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगा. मनातल्या मनात केलेला सराव इथे कामाला येत नाही.

डिसेंबर आणि मे जवळ आले की आम्ही गटात खोटी ओरल घेतो. एक जण एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) होतो, जर्नल चाळतो, मुद्दाम मान वर करत नाही, मधेच ‘पुढे?’ म्हणतो. ज्यांना परीक्षकाची भीती वाटते त्यांना आम्ही परीक्षक करतोच. त्या खुर्चीत बसल्यावर कळतं की तिथला माणूस तुमच्या आवाजाकडे लक्ष देत नसतो. त्याला अजून चाळीस जण संपवून घरी जायचं असतं.

आणि खोलीत शिरल्यावर ‘सर, मी घाबरलोय, एक मिनिट द्या’ असं सांगता येतं. हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतो, कारण भीती लपवायचा खटाटोप थांबला की डोकं उत्तराकडे वळतं. भीतीपायी परीक्षाच चुकत असतील तर मात्र डॉक्टरांचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना आधीच भेटा, निकालानंतर नको.

११. बोलून तर येतो, पण रात्रभर तेच आठवत राहतं. ‘मी असं का बोललो?’

प्रसंग संपल्यावर मन त्याची पुन्हा पुन्हा चौकशी लावतं, आणि त्या चौकशीत साक्षीदार एकच असतो, तोही आपल्या विरुद्ध. मुलं रात्री एकला मेसेज करतात ती याच वेळी. आमचा उपाय साधा आहे. प्रसंगानंतर तासाभरात वहीत तीनच ओळी लिहायच्या: मी काय बोललो, समोरचा काय बोलला, पुढे काय झालं. ‘त्याला काय वाटलं असेल’ हे लिहायचं नाही, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. रात्री चौकशी सुरू झाली की वही उघडायची आणि लिहिलेलं वाचायचं.

१२. गोळ्या घ्याव्या लागतील का? मित्राकडे ‘व्हायवाची गोळी’ आहे, ती चालेल?

मित्राची गोळी घेऊ नका. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. धडधड आणि थरथर तेवढ्यापुरती कमी करते, पण दमा असणाऱ्यांना ती धोकादायक ठरू शकते. सोशल अँक्झायटीवर नेहमीचा उपाय म्हणूनही ती सुचवली जात नाही. झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ गोळ्यांची सवय लागते, त्याही परस्पर नकोत.

मानसोपचारतज्ज्ञ बहुधा सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम अशा गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती अचानक बंद करायची नसतात. सगळ्यांनाच औषधं लागतात असं नाही. गटात औषधांबद्दल आम्ही सल्ला देत नाही, एकमेकांना द्यायलाही मनाई आहे.

१३. नुसता गट पुरेसा आहे का?

काहींना पुरतो. खूप जणांना पुरत नाही, आणि हे मी लपवणार नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिला मान सोशल अँक्झायटीसाठीच खास बेतलेल्या वैयक्तिक सीबीटीला (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला) दिलाय, गटाला नाही. कॉलेजला जाणंच बंद झालं असेल, सोबत उदासी असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर आधी तज्ज्ञाकडे जा. गट त्याच्या जोडीला ठेवा.

खिसा पाहून जायचं तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे. आपल्या कॉलेजात समुपदेशक आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेत. घराबाहेर पडणंच जड जात असेल तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायचीच भीती वाटते, हे मला माहीत आहे. पहिलं वाक्य कागदावर लिहून वाचलंत तरी चालेल.

जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर शनिवारची वाट पाहू नका. आत्ता १४४१६ लावा, किंवा जवळच्या कुणाला तरी उठवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा.

१४. फी किती?

काही नाही. चहा आमच्याकडून.

१५. घरी सांगावं लागेल का?

अठरा पूर्ण असतील तर नाही. सतरा वर्षांचे असाल (बारावीनंतर लगेच आलेली बरीच मुलं असतात) तर आई-वडिलांपैकी एकाची संमती लागते. त्यासाठी घरी ‘मानसिक आजार’ या शब्दापासून सुरुवात करू नका, त्या शब्दानं घर हादरतं आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. ‘मला वर्गात बोलता येत नाही, त्याचे मार्क जातात, त्यासाठी शनिवारी शिकायला जायचंय’ हे खरंही आहे आणि त्यांना पटतंही. आईला बरोबर आणलंत तरी चालेल. ती बाहेरच्या खोलीत बसेल, आत नाही.

१६. मी मुक्त विद्यापीठात शिकते, दिवसा सातपूरला कंपनीत असते. ऑनलाइन येऊ का?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मुलं मुद्दाम तो अभ्यासक्रम घेतात असा माझा अनुभव आहे, कारण वर्गात बसावं लागत नाही. संपर्कसत्रालाही जात नाहीत. तुमचं कारण नोकरीचं असेल तर रविवारी सकाळी महिन्यातून दोनदा ऑनलाइन बैठक असते, तिला या. पहिल्या दोन बैठका कॅमेरा बंद चालेल, तिसरीपासून सुरू. कारण भीतीचं असेल तर ऑनलाइन सुरुवात करा, पण दोन महिन्यांत एकदा तरी प्रत्यक्ष यायचं कबूल करून.

१७. थोडी घेतली की मी मोकळेपणानं बोलतो. त्यात वाईट काय?

बोलता येतं ते दारूमुळे, अशी मनाची खूणगाठ बसते आणि पुढच्या वेळी जास्त लागते. प्रश्न ४ मधल्या युक्त्यांतली ही सगळ्यात महाग युक्ती. पिऊन गटात आलात तर त्या दिवशी बसता येणार नाही, पुढच्या शनिवारी स्वागत आहे. रोज लागायला लागली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

१८. माझी भीती खोटी नाही. वर्गात खरंच माझ्यावर हसतात. मग?

मग आजारी तुम्ही नाही. बोलीवरून, जातीवरून, रंगावरून, तोतरेपणावरून होणारा छळ ‘सहन करायला शिका’ असं आमचा गट कधीही सांगणार नाही. कोण, कधी, काय म्हणालं ते तारखेसकट लिहून ठेवा, मेसेज असतील तर जपून ठेवा, आणि कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी द्या. २००९ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात ती असायलाच हवी. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तक्रार लिहायला आम्ही शेजारी बसतो, हवं तर कार्यालयापर्यंत बरोबर येतो. छळ थांबल्यावरही भीती मागे उरते. तेव्हा गटाचा उपयोग होतो.

१९. गटात मी छान बोलतो. बाहेर मात्र जैसे थे. असं का?

कारण गटच तुमचा आडोसा झाला. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मला फार लागलं. एक मुलगी अकरा महिने एकही शनिवार न चुकवता आली, सगळ्यांना हसवायची, आणि वर्गात तिला कुणी ओळखत नव्हतं. ‘माझी माणसं इथे आहेत, तिथे कशाला,’ असं ती म्हणाली. चूक आमची होती, आम्ही दार उघडं ठेवलं आणि तिला बाहेर ढकललं नाही. बारा आठवड्यांची मर्यादा तेव्हापासून आली. आता सहाव्या आठवड्यानंतर किमान निम्मे प्रयोग गटाबाहेर, ओळखीचं कुणी सोबत नसताना करायचे असतात: लायब्ररीच्या खिडकीवर शंका विचारणं, सिटीलिंकच्या कंडक्टरकडे उरलेले सुटे मागणं, वर्गात हात वर करणं. ते होत नसतील तर गटात येणं थांबवून वैयक्तिक थेरपीकडे वळायचं, आम्ही त्यासाठी नावं सुचवतो.

गटातल्याच कुणावर जीव जडला, असा प्रश्नही येतो. फेरी संपेपर्यंत थांबा आणि आम्हा दोघांपैकी एकाला सांगून ठेवा. कुणी रागावणार नाही.

२०. बारा आठवडे झाले, बरं वाटलं, आणि नोकरी लागल्यावर भीती परत आली. पुन्हा पहिल्यापासून?

पहिल्यापासून नाही. नवी जागा, नवे साहेब, नवी माणसं आली की ती डोकं वर काढते, आमच्यातल्या बहुतेकांचं असं झालंय. जुनी वही काढा, पायऱ्या नव्या जागेच्या लिहा आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून याच आठवड्यात सुरू करा. फेरी पूर्ण केलेल्यांना महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी केव्हाही येता येतं. त्या दिवशी दूध आणायची पाळी जुन्यांची असते. जिन्याखाली कुणी फोन कानाला लावून उभं दिसलं, तर पिशवी त्याच्या हातात द्या.